वही घराबाहेर जात नाही: मोझार्टचा वारसा, एक संस्था आणि सांगलीतलं एक कपाट

"पाश्चात्त्य संगीतावर एक भाग करा ना," असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. आज करूया. पण सुरुवात मात्र सांगलीपासून करावी लागेल.

ऑगस्ट २०१९. कृष्णेचा महापूर तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल, काहींनी घरात पाहिला असेल. माझे पेटीचे सर गावभागात राहायचे, तळमजल्यावर. त्यांच्याकडे नऊ वह्या होत्या. त्यांच्या गुरूंकडून मिळालेल्या बंदिशी, त्यांनी स्वतः लावलेल्या चाली, काही नाट्यपदांचं नोटेशन, सगळं शाईच्या पेनानं सुरेख अक्षरात लिहिलेलं. वह्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात. पाणी छातीपर्यंत चढलं. ओसरल्यावर सरांच्या मुलीनं, म्हणजे ताईंनी, वह्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली, आणि अक्षरांच्या जागी निळे डाग.

त्याच्या दोन वर्षं आधी मी सरांना विचारलं होतं, "सर, मोबाईलवर फोटो काढून ठेवू का?" सर म्हणाले, "वही घराबाहेर जात नाही." फोटो काढायला वही घराबाहेर न्यावी लागत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं नाही. जाऊ दे, पुन्हा कधीतरी, असं म्हणून पुण्याची बस पकडली. आणि मंडळी, माझा पगार कशाचा आहे माहितीये? बॅकअपचा. लोकांचा डेटा हरवू नये म्हणून मी कोड लिहितो.

ही गोष्ट डोक्यात घेऊन मी २०२३ मध्ये साल्झबुर्गला पोचलो. कंपनीच्या कामासाठी तीन महिने म्युनिकला होतो. तिथून ट्रेननं दोन तासांच्या आत ऑस्ट्रियातलं हे शहर येतं. शनिवारी सगळे जातात म्हणून मीही गेलो.

मोझार्टशी माझी ओळख किती? टायटन घड्याळाच्या जाहिरातीएवढी. ती धून आठवतेय ना? ती मोझार्टच्या २५ व्या सिम्फनीतली आहे. १७७३ साली, याच साल्झबुर्गमध्ये, त्यानं वयाच्या सतराव्या वर्षी लिहिलेली. अडीचशे वर्षांपूर्वी एका पोरानं कागदावर लिहिलेले सूर आपल्या घरातल्या टीव्हीपर्यंत आले. मधल्या काळात ते कागद कुणी सांभाळले? आजचा भाग या प्रश्नावर आहे.

एकोणतीस वर्षांची विधवा

मोझार्टचा जन्म २७ जानेवारी १७५६ चा, साल्झबुर्गच्या गेट्राइडेगासे या गल्लीतल्या ९ नंबरच्या घरातला. गंमत म्हणजे, आज ज्या शहरात चॉकलेटच्या गोळ्यांवरसुद्धा त्याचा चेहरा आहे, ते शहर त्याला अजिबात आवडायचं नाही. तिथल्या आर्चबिशपच्या नोकरीत त्याचा जीव घुसमटायचा. १७८१ मध्ये आर्चबिशपच्या दरबारातल्या एका सरदारानं त्याला अक्षरशः लाथ मारून बाहेर काढलं. तो व्हिएन्नात राहिला आणि ५ डिसेंबर १७९१ ला तिथेच, ३५ व्या वर्षी वारला.

मागे राहिली बायको कॉन्स्टान्झे. वय २९. एक मुलगा सात वर्षांचा, दुसरा जेमतेम साडेचार महिन्यांचा. डोक्यावर कर्ज आणि घरात कागदांचे ढीग. आता विचार करा, तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? रद्दी? मिळेल त्या किमतीला विक्री?

कॉन्स्टान्झेला पुढे लोकांनी बरीच नावं ठेवली. उधळी आहे, हिला संगीत कळत नाही, वगैरे. पण तिनं जे केलं ते बघा. आधी सम्राटाकडून पेन्शन मिळवली. नवऱ्याच्या संगीताचे कार्यक्रम लावले. आणि हस्तलिखितं सुटी सुटी फुंकून न टाकता जवळजवळ आठ वर्षं धरून ठेवली. मग नोव्हेंबर १७९९ मध्ये ऑफेनबाखच्या योहान आंतोन आंद्रे नावाच्या प्रकाशकाशी करार करून मोठा गठ्ठा एकत्र विकला. गठ्ठा एकत्र राहिला, हे महत्त्वाचं.

कागद लावायच्या कामात तिला निस्सेन नावाच्या डॅनिश मुत्सद्द्यानं मदत केली. पुढे तिनं त्याच्याशीच लग्न केलं. या दुसऱ्या नवऱ्यानं पहिल्या नवऱ्याचं चरित्र लिहायला घेतलं, आणि ते पूर्ण व्हायच्या आत १८२६ मध्ये तो वारला. मग १८२८ मध्ये कॉन्स्टान्झेनंच ते छापून आणलं. मोझार्टच्या घरातली असंख्य पत्रं जगासमोर आली ती या पुस्तकातून.

शेवटची वर्षं ती साल्झबुर्गला राहिली. तिथे १८४१ मध्ये एक संगीत मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या नावात एक नवा शब्द होता: मोझार्टेउम. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये कॉन्स्टान्झे गेली. त्याच सप्टेंबरात शहरात मोझार्टचा पुतळा उभा राहिला. अनावरणाला दोन्ही मुलं हजर होती.

आणि इथे कथा अडते. दोन्ही मुलं अविवाहित राहिली, पुढे वंशच नाही. धाकटा १८४४ मध्ये गेला, थोरला १८५८ मध्ये. वारसा होता, वारसदार नव्हता. पत्रं, चित्रं, वस्तू या मंडळाकडे आल्या. मोझार्ट ज्यावर वाजवायचा तो पियानो थोरल्या मुलानं १८५६ मध्ये, वडिलांच्या जन्मशताब्दीला, स्वतःहून दिला. रक्ताचं नातं संपतं तिथून पुढे संस्थेचं काम सुरू होतं. १८७० मध्ये एक मोझार्ट प्रतिष्ठान उभं राहिलं आणि १८८० मध्ये त्यातून आजची संस्था तयार झाली: इंटरनॅशनल मोझार्टेउम फाउंडेशन.

एका वकिलाची एक्सेल शीट

आता माझ्या आवडीचा माणूस. लुडविग फॉन कोशेल. शिक्षणानं वकील, छंद वनस्पती आणि खनिजं गोळा करायचा. रोपट्यांचं वर्गीकरण करता करता त्याला वाटलं, मोझार्टच्या रचनांचंही असं वर्गीकरण का नको? त्या वेळी अवस्था अशी होती की कुठली रचना खरी, कुठली दुसऱ्याची, कुठली आधीची, कुठली नंतरची, याचा पत्ता नाही. स्वतः मोझार्टनं १७८४ पासून आपल्या रचनांची यादी ठेवली होती, पण त्याआधीचं काय?

१८६२ मध्ये कोशेलची सूची छापून आली. १ ते ६२६ नंबर, काळानुसार. म्हणून आजही मोझार्टच्या रचनेपुढे 'के' आणि आकडा दिसतो. टायटनची धून म्हणजे के १८३. शेवटचं अपूर्ण रेक्विएम के ६२६.

आता यात एक बग आहे, डेटाबेसवर काम करणाऱ्यांना लगेच दिसेल. कोशेलनं ओळख क्रमांकातच तारीख गुंफली. म्हणजे नंबर जितका मोठा तितकी रचना नंतरची. पुढे अभ्यासकांना कळलं की काही तारखा चुकल्यात. मग काय करायचं? १९३७ आणि १९६४ च्या आवृत्त्यांनी मधे मधे अक्षरं घुसडून नवे नंबर दिले. जुन्या फोनच्या रिंगटोनमध्ये असायची ती 'तुर्की रोंडो'ची धून आठवते? ती ज्या सोनाटातली, त्याचा नंबर के ३३१. नव्या हिशोबात तो झाला ३००आय. वादक, दुकानदार, विद्यार्थी, सगळ्यांचा गोंधळ! शेवटी २०२४ मध्ये फाउंडेशनच्या सहभागातून नवी सूची आली. तिनं ठरवलं की लोकांच्या तोंडी बसलेला नंबर तोच ठेवायचा आणि तारीख वेगळी लिहायची. प्रायमरी की मध्ये अर्थ भरू नये, हे आम्हाला पहिल्या नोकरीत शिकवतात. संगीताच्या जगाला ते कळायला १६२ वर्षं लागली.

घर, बॉम्ब आणि हरवलेल्या पेट्या

फाउंडेशननं १८८० मध्येच गेट्राइडेगासेच्या घरात म्युझियम उघडलं. पुढे १९१७ मध्ये ते घरही विकत घेतलं. नदीपलीकडे मोझार्ट कुटुंबाचं दुसरं घर आहे. १७७३ मध्ये ते तिथे राहायला गेले आणि वडील लिओपोल्ड शेवटपर्यंत तिथेच होते. १६ ऑक्टोबर १९४४ ला त्या घरावर बॉम्ब पडला आणि बराचसा भाग नष्ट झाला. त्या जागेवर नंतर चक्क ऑफिसची इमारत उभी राहिली.

इथे माझ्यासारखा म्हणाला असता, गेलं ते गेलं. फाउंडेशननं १९८९ मध्ये ती ऑफिसची इमारत विकत घेतली, १९९४ मध्ये पाडली आणि जुन्या नकाशांबरहुकूम घर पुन्हा बांधलं. जपानच्या एका विमा कंपनीनं त्यासाठी मोठी मदत केली. २६ जानेवारी १९९६ ला, मोझार्टच्या २४० व्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी, घर उघडलं. मी आत उभा होतो तेव्हा खरं सांगू का, थोडं विचित्र वाटलं. भिंती नव्या, आठवण जुनी. पण घर पुन्हा बांधता येतं. कागदाचं तसं नसतं.

ते कागद कुठे होते? आंद्रेनं घेतलेला गठ्ठा त्याच्या वारसांत वाटला गेला आणि त्यातला मोठा भाग १८७३ मध्ये बर्लिनच्या राजग्रंथालयानं घेतला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं बर्लिननं आपली हस्तलिखितं पूर्वेकडे सायलेशियात हलवली. युद्ध संपलं, सीमा सरकल्या, तो प्रदेश पोलंडमध्ये गेला आणि पेट्या गायब झाल्या. तीस वर्षं जगातल्या अभ्यासकांना वाटत होतं की 'मॅजिक फ्लूट' या ऑपेराचं मूळ हस्तलिखित कदाचित कायमचं गेलं. ते सगळं होतं क्राकोव्हच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, गुपचूप. १९७७ मध्ये पोलंडनं त्यातली काही हस्तलिखितं पूर्व जर्मनीला परत दिली. 'मॅजिक फ्लूट' आणि 'ज्युपिटर' सिम्फनी त्यात होत्या. बाकीचं बरंच आजही क्राकोव्हमध्येच आहे.

नेमक्या याच काळात फाउंडेशन आपलं सर्वात मोठं काम करत होतं. १९५० च्या दशकात त्यांनी ठरवलं की मोझार्टचं सगळंच्या सगळं संगीत नव्यानं छापायचं. मूळ हस्तलिखित, जुन्या नकला, पहिल्या छापील प्रती, सगळं शेजारी ठेवून, सुरासूर तपासून. पहिले खंड १९५५ मध्ये आले, काम संपलं २००७ मध्ये. बावन्न वर्षं! सव्वाशेहून जास्त खंड. ज्यांनी सुरुवात केली त्यातल्या बहुतेकांनी शेवट पाहिलाच नसणार. आणि त्यातली पहिली काही दशकं कितीतरी मूळ कागद हाताशी नसताना. नकलांवरून जमेल तेवढं लावायचं, आणि मूळ सापडलं की पुन्हा तपासायचं.

सर्व्हर कोसळला तो दिवस

हे खंड महाग. ग्रंथालयं घेणार, पुण्यातला पियानो शिकणारा पोरगा नाही घेणार. मग डिसेंबर २००६ मध्ये फाउंडेशननं ते ऑनलाइन टाकले. फुकट. कॅलिफोर्नियातल्या पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूटनं प्रकाशकाच्या हक्कांचे पैसे भरले. धंद्यासाठी वापरायचं तर परवानगी लागते, पण शिकायला, वाचायला, वाजवायला सगळ्यांना खुलं. पहिल्याच दिवशी जगभरातून एवढे लोक आले की सर्व्हर कोसळला. माझ्या क्षेत्रात याला आऊटेज म्हणतात आणि शिव्या बसतात. पण २१५ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची नोटेशन बघायला झुंबड उडून सर्व्हर पडतो, असा आऊटेज माझ्या वाट्याला आला तर मी पेढे वाटीन.

आता तुम्ही म्हणाल, मग म्युझियम, तिकिटं, दर जानेवारीत होणारा मोझार्ट वीक, हा सगळा बाजारच की. आहे थोडा. मलाही तिकिटाच्या रांगेत तसंच वाटलं. पण हा उत्सव १९५६ पासून सुरू आहे. जुन्या वाद्यांची देखभाल, संशोधक, तिजोरी, स्कॅनर, सर्व्हर, हे प्रेमावर चालत नाही. फाउंडेशनकडे मोझार्ट कुटुंबाच्या पत्रांचा जगातला सर्वात मोठा संग्रह आहे. मूळ पत्र तिजोरीत आणि त्याचं चित्र तुमच्या मोबाईलवर, ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात नाहीत. सरांची वही घराबाहेर न जाताही जगात जाऊ शकली असती.

आणि काम संपलं का? २००७ मध्ये शेवटचा खंड आला. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या ग्रंथालयात तुर्की रोंडोवाल्या सोनाटाची चार पानं सापडली, मोझार्टच्या हातची. तोवर माहीत असलेलं एकच पान साल्झबुर्गला फाउंडेशनकडे होतं. नव्या पानांवरचे काही सूर छापील प्रतींपेक्षा वेगळे निघाले! मग २०२४ मध्ये लाइपझिगच्या ग्रंथालयात एक अख्खी रचनाच मिळाली. दोन व्हायोलिन आणि बास यांच्यासाठी, सात छोटे भाग, सुमारे बारा मिनिटांची, मोझार्टच्या पोरवयातली. १९ सप्टेंबर २०२४ ला नव्या सूचीच्या प्रकाशनाच्या वेळी ती साल्झबुर्गमध्ये वाजवली गेली. तिला नंबर मिळाला के ६४८.

पण लक्षात घ्या, लाइपझिगचा तो कागद मोझार्टच्या हातचा नाही. साधारण १७८० च्या सुमारास कुणीतरी केलेली ती नक्कल आहे. मूळ गेलं. कुणा अनाम माणसाची कॉपी राहिली.

खुद्द मोझार्टही यात मागे नव्हता बरं का. १७७० मध्ये, चौदा वर्षांचा असताना, रोमच्या सिस्टिन चॅपेलमध्ये त्यानं आलेग्रीचं 'मिझेरेरे' ऐकलं. ते संगीत बाहेर कुणाला द्यायचं नाही अशी तिथली ताकीद होती. लिओपोल्डनं घरी पत्र लिहून अभिमानानं कळवलं की पोरानं ते ऐकून कागदावर उतरवलं. म्हणजे तिथेही वही घराबाहेर जात नव्हती. पोरगा कानातून घेऊन गेला.

आपल्याकडचा वकील

हे सगळं वाचताना मला आपले पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवत होते. जन्म १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरचा. म्हणजे ते दोन वर्षांचे असताना कोशेलची सूची छापली गेली. तेही वकील! देशभर फिरले, घराण्याघराण्यांत दडलेल्या बंदिशी मिळवल्या, नोटेशन पद्धत बसवली आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' काढून त्या बंदिशी कुणालाही विकत घेता येतील अशा केल्या. त्यांच्यावर टीकाही झाली, आजही होते. बंदिश कागदावर उतरली की तिचा जीव जातो, गुरूच्या समोर बसल्याशिवाय ती कळत नाही, असं गवयांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही. मी सरांसमोर बसलोय, त्यामुळे मला माहितीये की वहीत 'ग' लिहिलेला असला तरी सर तो कसा घ्यायचे ते वहीत नव्हतं.

आणि गुरूंनी विद्या राखून ठेवण्यामागे नुसता हेकटपणा नव्हता. ती त्यांची कमाई होती, पोटापाण्याचं साधन होतं. सरांच्या गुरूंनी त्यांना एक एक बंदिश वर्ष वर्ष झुलवून दिली होती. अशी मिळालेली वस्तू माणूस फोटो काढायला सहज कशी देईल? तेव्हा मला सरांचा राग आला होता. आता येत नाही.

पुरानंतर काय झालं ते सांगून थांबतो. माझा एक गुरुबंधू आहे. शिकत असताना सर आत चहाला गेले की हा तिसऱ्या वहीतलं भराभर उतरवून घ्यायचा. पन्नासेक बंदिशी त्यानं अशा जमवल्या. एकदा पकडला गेला. सर एवढे चिडले की महिनाभर त्याला शिकवणीला येऊ दिलं नाही. पुराच्या वर्षी दिवाळीत सरांनी त्याला घरी बोलावलं. म्हणाले, "ती तुझी वही घेऊन ये." आणि सरांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आपल्याच बंदिशी शिष्याच्या वहीतून नव्या वहीत उतरवून काढल्या. मधेच थांबून म्हणायचे, "इथे चुकलायस तू," आणि दुरुस्त करायचे. एका अर्थानं तिसऱ्या वहीची ती सुधारित आवृत्तीच झाली. बाकी आठ वह्यांमधलं जे सरांच्या डोक्यात होतं तेवढं त्यांनी लिहिलं, पण सगळं काही आठवलं नाही. २०२२ मध्ये सर गेले.

साल्झबुर्गहून परतलो आणि पहिल्या सुट्टीत सांगलीला जाऊन त्या नव्या वहीची पानं ताईंसमोर बसून स्कॅन केली. २१२ पानं. एक प्रत ताईंकडे, एक गुरुबंधूकडे, एक माझ्याकडे आणि एक क्लाउडवर. आता प्रश्न उरलाय की इंटरनेटवर सगळ्यांना खुली करायची का. गुरुबंधू हो म्हणतो. ताई म्हणतात, "बाबांनी शेवटपर्यंत नाही म्हटलं असतं रे, मी कशी हो म्हणू?" त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. मी साल्झबुर्गची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "त्या कॉन्स्टान्झेला किती वर्षं लागली ठरवायला?" मी म्हटलं, आठ. "मग मला दोन तरी दे," म्हणाल्या.

दिलीत.

तोपर्यंत तुम्ही एक करा. तुमच्या घरात, आजोळी, भजनी मंडळात, बँडवाल्या काकांकडे, कुठेही अशी वही असेल तर या रविवारी जा. आधी परवानगी मागा. नाही म्हणाले तर वाद घालू नका, पण माझ्यासारखी बसही पकडू नका. चहा घ्या, बसा आणि समजावा की वही घरातच राहणार आहे. हो म्हणाले तर उजेडात, सरळ वरून, एकेका पानाचा फोटो काढा, आणि तो फक्त फोनमध्ये ठेवू नका.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.